आभार मानण्याचं क्रियापद

"नोउस अव्हॉन्स रेमेर्सिए... व्होउस अव्हेझ रेमेर्सिए..."

नागभीडच्या फलाटावर इंदूनं चहाची बशी ओठांशी नेली होती, ती तशीच थांबली. मागच्या बाकावर कुणीतरी पाठ केलेला मंत्र म्हणावा तसं पुटपुटत होतं, आणि तो मंत्र तिच्या ओळखीचा होता! फक्त इतका मोडका-तोडका तिनं तो कधी ऐकला नव्हता. तिला हसू आवरेना. बशीतला चहा हिंदकळला आणि पांढऱ्या लुगड्यावर सांडला.

"भाजलं का जी?" बाकावरचा माणूस धडपडत उठला. उंच, सावळा, खादीचा कोट घातलेला. बोट अजून पुस्तकात अडकवलेलं. "पानी आणू का?"

"नाई नाई... काही नाई झालं." तिनं पदर झटकला. मग राहवेना म्हणून म्हणाली, "नूझावों रमेर्सिये. वूझावे रमेर्सिये. असं म्हणतात ते."

त्या माणसाचं बोट पुस्तकातून निसटलं. छोट्या लाईनीच्या त्या जंक्शनवर, धानाच्या पोत्यांच्या थप्पीजवळ, दवाखान्याच्या लुगड्यातली एक बाई त्याला फ्रेंच शिकवत होती.

"तुमाले... तुमाले हे येते?"

"थोडंसं."

"मंग पुन्हा म्हणा ना एकदा," तो म्हणाला. "हळू म्हणा."

थंडीचे दिवस होते. आजूबाजूच्या बांध्यांतलं धान कापून झालं होतं, वाऱ्याला तणसाचा, वाळल्या पेंढ्याचा गोडसर वास होता. नागपूरहून येणारी दोघांची गाडी केव्हाच पोचली होती, पण मूल गावाकडं जाणाऱ्या गाडीचा पत्ता नव्हता. इंदूनं ते सगळं रूप पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. झे रमेर्सिये, मी आभार मानले. त्यू आ रमेर्सिये, तू मानलेस. इल आ, एल आ... तो मागून म्हणत गेला. नाकात बोलायची वेळ आली की लाजायचा आणि खाली बघायचा. कान मात्र पक्का होता. एकदा दुरुस्त केलेली चूक त्यानं दुसऱ्यांदा केली नाही.

गाडीत तो समोरच्या फळीवर बसला आणि ओळख निघाली. त्याचं नाव मुखरू. मूलजवळच्या खेड्यातला, बल्लारशाच्या कागद कारखान्यात रसायनशाळेत कामाला. बांबूच्या लगद्यापासून कागद करायचं शास्त्र शिकायला फ्रान्समधल्या ग्रनोबल गावी जाण्याची शिष्यवृत्ती होती. होळीच्या सुमारास मुंबईला मुलाखत द्यायची, आणि तीही थोडी तरी फ्रेंचमधून. पुस्तक आणायला म्हणून तो नागपूरला गेला होता.

"पुस्तक बोलत नाई ना," तो म्हणाला. "लिहिलं एक असते, म्हणायचं दुसरंच."

"शेवटची अक्षरं खाऊन टाकायची. तिकडचे लोक तसंच करतात."

"उपाशी असतात का?"

इंदू पुन्हा हसली. आज आपण किती हसतो आहोत, असं तिच्या मनात आलं, आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.

ती मूलच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला इंदुताई म्हणे. तिच्याहून वयानं दुप्पट असलेले पाटीलसुद्धा. उतरताना मुखरूनं विचारलं, "रविवारी घरी येत असतो मी. एखादा तास शिकवाल का जी... इंदु..." आणि तिथंच थांबला. 'ताई' काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

तिच्या ते ध्यानात आलं. तिनं हो म्हटलं.

*

इंदू गुणाबाईकडं भाड्यानं राहत होती. गुणाबाई एकटीच होती, तोंडाळ आणि मायाळू. पहिल्या रविवारी मुखरू आला तेव्हा ती पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली ती धडा संपेपर्यंत उठली नाही. पुढचा प्रत्येक रविवार तिचे तांदूळ पाखडायचे राहिलेलेच असत.

"हे कोनती भाषा म्हनावी बाई?" ती विचारी. "दोघंही नाकातूनच बोलून राह्यले. सर्दी झाली का?"

इंदूची शिकवायची रीत सोपी होती. "हे बघा, सरळ चालीचं क्रियापद असलं की भ्यायचं नाही. शेवटचं 'एर' तोडायचं, तिथं 'ए' लावायचा. तो भाग सगळ्यांना सारखाच... मी असो, तू असो, राजा असो. बदलतं ते पुढं लागणारं लहान क्रियापद. झे, त्यू आ, इल आ."

"अन् त्या लहान क्रियापदाचा अर्थ काय?"

"जवळ असणं. बाळगणं."

मुखरूनं थोडा विचार केला. "म्हणजे ते लोक, 'मी आभार मानले' असं नाई म्हणत. 'मानलेले आभार माझ्याजवळ आहेत' म्हणतात?"

इंदूनं इतकी वर्षं ते रूप घोकलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. "हो," ती सावकाश म्हणाली. "तसंच काहीसं."

पौष सरला, माघ लागला. तो बोलणं, शोधणं, देणं, ऐकणं अशी सगळी सरळ चालीची क्रियापदं भूतकाळात घालायला शिकला. सायकलीवर येताना रस्ताभर म्हणत यायचा. वळणावरून त्याचा आवाज आधी यायचा, मग सायकल दिसायची. इंदू त्या वेळी हटकून अंगणात तुळशीला पाणी घालत असे. एका रविवारी ती तीनदा घालून झाली तेव्हा गुणाबाई म्हणाली, "बुडवतं का काय वो तिले?"

एक गोष्ट मात्र तो मुद्दाम चुकायचा.

"वूझावे," इंदू सांगे. "मोठ्या माणसाशी, परक्या माणसाशी बोलताना वूझावे."

"त्यू आ," तो म्हणे.

"ते 'तू' झालं."

"हो का?" चेहरा अगदी भोळा. "मले वाटलं, सरावासाठी दोन्ही म्हणावं... त्यू आ पार्ले. तू बोललीस. त्यू आ एकुते... तू ऐकलंस." आणि मराठीतलं ते 'तू' पडवीत तसंच तरंगत राही. इंदू पुस्तकात बघे. तिचे कान लाल होत.

"तुमी शिकलात कुठी पण हे?" एकदा त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. पाळण्यातून उतरली न उतरली तोच लग्न झालं होतं. नवरा तापानं गेला तेव्हा ती चौदाची होती. त्यांच्यात पाट लावायची रीत होती, वडील दुसरं स्थळ पाहतही होते. पण नागपूरच्या एका दवाखान्यातल्या म्हाताऱ्या फ्रेंच सिस्टरनं तिला ठेवून घेतलं, नर्सिंग शिकवलं. संध्याकाळी जखमांच्या पट्ट्या गुंडाळता गुंडाळता सिस्टर आपली भाषा बोलायची. बोलायला तिला तिच्या गावचं कुणी नव्हतं ना! हे आभार मानण्याचं क्रियापद इंदू सगळ्यात आधी शिकली होती.

"अन् मानले का आभार?"

इंदूनं मान हलवली. "लाज वाटायची. आपल्या घरात कोन म्हणते असं? उद्या म्हणू, परवा म्हणू... मग मले मूलची नोकरी लागली. अन् त्या गेल्या. सगळी रूपं पाठ होती मले, मुखरूभाऊ. तोंडातून एक नाई निघालं."

सुपाचा आवाज थांबला होता. मुखरूनं पुस्तक मिटलं. तो उठला, कोपऱ्यातल्या माठातून पाण्याचा पेला भरून आणला आणि तिच्यापुढं ठेवला. मग हळूच म्हणाला, "एक सांगू? भाऊ नका म्हणू मले."

*

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरली. वैनगंगेच्या वाळूत बैलगाड्यांचा समुद्र उसळला होता. इंदूची तिथं लस टोचायच्या तंबूत ड्युटी होती. दिवसभर रांग सरेना. दुपारी एक ठेंगणी, कपाळावर गोंदलेली बाई दंड पुढं करून बसली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"दुखते का वो बाई?"

"मुंगी चावल्यासारखं. बोलत राहा, समजणारही नाई."

"का बोलू? माझ्या जीवाले दुसराच घोर हाय." ती बाई बोलायला लागली. "एकच लेक हाय माहा. बाप नाई त्याले. समुद्रापार जाऊन राह्यला. अन् मूलची कोनतीतरी बाई त्याले तिथली भाषा शिकवून राह्यली. मले ते भेटली ना, तर इचारतो मी तिले, माहा लेक काऊन धाडून राह्यली वो दूर? तुवं काय बिघडवलं मी?"

इंदूचा हात थांबला. सुई टोचून झाली होती. कापसाचा बोळा दंडावर दाबून धरत ती कशीबशी म्हणाली, "ते बाई... मीच आहो."

त्या बाईनं, मुखरूच्या आईनं, शकुबाईनं, डोळे उघडले. दंडावरचा बोळा आपल्या हातात घेतला. मागची रांग ओरडू लागली.

"हात हलका हाय तुहा," ती अखेर एवढंच म्हणाली, पदर सावरून उठली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

ऊन कलल्यावर मुखरू आला. आईशी काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. मुलाखत आठवड्यावर आली होती, तो उत्साहात होता. दोघं पात्राच्या कडेनं चालू लागले. पलीकडच्या जंगलात पळस पेटला होता.

"शेवटचा सराव," तो म्हणाला. "एक क्रियापद द्या. कोणतंही."

इंदूचं लक्ष नव्हतं. सगळ्यात सोपं, प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतं ते, तिच्या तोंडून निघून गेलं. "एमे."

प्रेम करणं. म्हटल्यावर तिला कळलं आपण काय म्हटलं ते.

मुखरू थांबला. "झे एमे..." आणि पुढं बोलेना.

"विसरलात?"

"नाई. या काळात नाई म्हणत मी ते. झालं, सरलं, असा अर्थ होते ना? मी प्रेम केलं होतं... तसं नाई आहे, इंदू. सरलेलं नाई. आता आहे. तू चहा सांडवलास तेव्हापासून आहे."

नदीवरून वारा आला. तिनं पदर घट्ट धरला. किती दिवस ती हेच ऐकायची वाट पाहत होती! आणि आता तिच्या डोळ्यांपुढं ती ठेंगणी बाई होती, गच्च मिटलेले डोळे होते.

"तुम्ही जाणार," ती म्हणाली. "दोन वर्षं. तिथी किती काय बघाल. मग मूलची एक नर्स..."

"मग काय?"

"मले माणसं जायची सवय आहे, मुखरू. वाट पाहायची नाई." आणि ती तंबूकडं वळली. झपझप चालत, मागं न बघता.

*

तो मुंबईला गेला. होळी झाली. एक रविवार गेला, दुसरा गेला. वळणावरून आवाज आला नाही. गुणाबाईचे तांदूळ एकदम स्वच्छ असायला लागले, पाखडायला काही उरलं नाही. इंदू दवाखान्यात रोजच्यासारखी काम करत होती. पण दुपारी पट्ट्या गुंडाळता गुंडाळता तिला सिस्टरची आठवण यायची. पुन्हा तेच केलं आपण. म्हणायचं होतं ते म्हटलं नाही.

मोहाची फुलं पडायला लागली तेव्हाच्या एका सकाळी अंगणात बैलगाडी उभी राहिली. मुखरू गाडी हाकत होता. तो खाली उतरला, आणि बैलांचं जू सोडायचं सोडून तिथूनच बोलायला लागला.

"निवड झाली."

"छान झालं." तिला खरोखरच आनंद झाला. डोळे भरून आले तेही त्यानंच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"ऐक तर. एक म्हातारी फ्रेंच बाई होती परीक्षा घ्यायले. म्हणाली, तुमच्या आयुष्यात घडलेलं काहीतरी सांगा. आता मले तर एकच काळ पक्का येते! मग तेच सांगितलं. नागभीडच्या फलाटावर मी क्रियापद पाठ केलं. एक मुलगी हसली. तिनं माझी चूक सुधारली. तिनं शिकवलं, मी ऐकलं. मी तिच्याशी बोललो. सगळी सरळ चालीची क्रियापदं, एकही चुकलं नाई. त्या बाईनं चष्मा काढून ठेवला अन् विचारलं, मग? तिनं काय उत्तर दिलं?"

"अन्... तुम्ही काय सांगितलं?"

"एल ना पा रेपोंद्यू. तिनं उत्तर दिलं नाई." तो हसला, पण आवाज थोडा हलला. "ती परीक्षावाली बाई म्हणाली, तुमचं फ्रेंच पुरेसं आहे, महाशय. आता घरी जा अन् उत्तर घेऊन या."

पडवीत गुणाबाईनं सूप खाली ठेवलं.

तेवढ्यात गाडीतून शकुबाई उतरली. हातात टोपलीभर तांदूळ होते, नव्या हंगामाचे. "बैलं सोड तू पयले," ती लेकाला म्हणाली. "अन् इहिरीवर पानी दाखव त्याईले. आमाले बोलू दे."

मुखरू मुकाट्यानं बैल घेऊन गेला.

शकुबाई पडवीच्या पायरीवर बसली. इंदूला तिनं शेजारी बसवून घेतलं. "जत्रेतून गेलो मी, अन् मले झोप नाई," ती म्हणाली. "वाटलं, या पोरीनं काऊन सांगितलं मले? चूप राहाची. टोचून सोडून द्याची. मले का समजणार होतं? पन तू खरं बोलली. मंग मी घरी जाऊन त्याले इचारलं. तो म्हनते, आई, ती माझं नाव इतक्या मायेनं घेते का मले त्या नावाची लाज वाटाची सुटली. बल्लारशाचे सायब लोक हासत होते ना माह्या मुखरूच्या नावाले. ते तुलेच नाई सांगितलं त्यानं?"

"नाई," इंदू म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"तो जाईल बाई. जाऊ दे. शिकू दे. मी नाई अडवत आता." शकुबाईनं तिचा हात हातात घेतला. राबून राबून खडबडीत झालेला तो हात ऊबदार होता. "पन तू तर इथीच हायस ना? मंग माह्या घरी ये. दवाखाना कर, काही म्हनत नाई मी. दोघी मिळून वाट पाहू. एकटीनं पाहिली तं दिवस लय लंबे होतात, हे मले ठावं हाय."

आजवर इंदूला पुष्कळ जणांनी आधार दिला होता, पण वाट पाहण्यात सोबतीला कुणी ये म्हटलं नव्हतं. या वेळी तिनं उद्यावर टाकलं नाही. शकुबाईच्या हातावर कपाळ टेकवून ती म्हणाली, "आई, तुमी आल्या... लय उपकार झाले माझ्यावर."

"हे का बोलनं झालं?" शकुबाई गडबडली. "उपकार कायचे? उठ, उठ. ह्या तांदळाचा भात टाक, भूक लागली मले."

गुणाबाई डोळे पुसत चुलीकडं धावली. "मी टाकतो भात! तू जाय विहिरीवर. त्याले बैल पाजता पाजता दुपार होईल."

विहिरीवर मुखरू दोर ओढत होता. बैल केव्हाचे पिऊन झाले होते, तरी तो पाणी काढतच होता. इंदू आलेली पाहून बादली निम्म्यातच थांबली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आईनं विचारलं. मी हो म्हटलं."

"आईले?" तो बघतच राहिला. "अन् मले?"

"तू कुठी विचारलंस? तू मार्कंड्याले व्याकरण सांगितलं. आज मुंबईची गोष्ट सांगितली." ती हसत होती, गालांवरचं पाणी तसंच होतं. "विचार ना नीट. आपल्या बोलीत विचार."

मुखरूनं दोर कठड्याला बांधला. ओले हात कोटाला पुसले. फलाटावर नाकातले उच्चार करताना लाजला होता, त्याहून अधिक लाजला.

"माझ्यासंगं राहशील का, इंदू?"

"राहीन," ती म्हणाली.

मोहाचा वास दाट झाला होता. पायाजवळ टपकन एक फूल पडलं, मग दुसरं. दोघांनीही ते उचललं नाही. विहिरीच्या कठड्याला टेकून ती दोघं उभी राहिली. पडवीतून गुणाबाईनं भात निवतो म्हणून तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा कुठं निघाली.